शनिवारी न आणलेलं दूध

युरोपात राहणाऱ्या तरुण मराठी जोडप्याविषयी इकडे एक समज घट्ट बसलेला आहे, तो म्हणजे ही मंडळी फार हौशी असतात. घरचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडावा तर दोघं प्रागच्या पुलावर उभी. पुढच्या सोमवारी ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी. त्याच्या पुढच्या सोमवारी कुठल्याशा किल्ल्यापुढे. अंगात तीच दोन जाकिटं, एक लाल आणि एक निळं, त्यामुळे शहर बदललंय हे मागच्या इमारतीवरून ओळखायचं. मावशी अंगठा दाखवते. काका लिहितात, "वा! पायाला भिंगरी!" आणि मनातल्या मनात तिकिटाचे युरो गुणिले शंभर करून पाहतात. पु. ल. आणि सुनीताबाई युरोपात हिंडून आले, त्यातून १९६० साली 'अपूर्वाई' निघालं आणि तो एक प्रवास दोन-तीन पिढ्यांना पुरला. हल्लीचं जोडपं तेवढे देश एका वर्षाच्या शनिवार-रविवारांत उरकतं आणि पुस्तक सोडाच, फोटोखाली ओळसुद्धा लिहीत नाही, एक लाल बदाम टाकून मोकळं होतं. यावरून मराठी माणसाची हौस वाढली असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला तो पटत नाही. या भटकंतीच्या मुळाशी हौस नाही. शनिवारी संध्याकाळी आणायचं राहून गेलेलं दूध आहे.

हे विधान सगळ्या युरोपावर लादण्याइतकं धाडस माझ्यात नाही, म्हणून जर्मनीपुरतं बोलतो आणि त्यातही श्टुटगार्ट डोळ्यांपुढे ठेवतो. या शहराचं मुंबईशी १९६८ पासून भगिनी-शहर म्हणून रीतसर नातं आहे. पुण्याशी ते नातं रीतसर नसलं तरी चाकणच्या मर्सिडीज कारखान्यामुळे सोयरीक जुळल्यासारखीच आहे. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात दोन-चार परीक्षा द्यायच्या आणि श्टुटगार्टला उतरायचं, ही वाट आता चांगली मळलेली आहे. (ज्याच्या नावानं ते भवन आहे तो मॅक्स म्युलर जन्मभर वेदांवर काम करून भारतात एकदाही आला नाही. हिंडायची सक्ती नसली की माणसाच्या हातून केवढं काम होतं, ते पाहा. अर्थात तो राहायचा ऑक्सफर्डला.) दोघांपैकी एकाला नोकरी मिळते, दुसरं मागोमाग येतं, आणि दोघं मिळून एक रिकामं घर भाड्यानं घेतात. रिकामं म्हणजे शब्दशः रिकामं. तिकडे पुष्कळ घरांत स्वयंपाकाची खोली असते, पण ओटा, कपाटं आणि सिंक नसतं. आधीच्या भाडेकरूनं ते उपसून बरोबर नेलेलं असतं. ज्या देशात माणूस घर सोडताना सिंक घेऊन जातो, त्या देशात रविवारी सकाळी कोपऱ्यावर दूध मिळेल अशी आशा बाळगणं हाच मुळात भाबडेपणा. पण नवं जोडपं भाबडंच असतं.

आपल्याकडे रविवार हा कामं उरकायचा वार. मंडई, दळण, इस्त्री, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा, केस कापणं, सगळं रविवारी. जर्मन माणसानं रविवार थेट राज्यघटनेत घालून ठेवलाय. १९१९ च्या वायमार घटनेच्या १३९ व्या कलमात रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित केला होता. वायमार प्रजासत्ताक बुडालं, मध्ये हिटलर येऊन गेला, देश बेचिराख झाला, आणि १९४९ साली नवी घटना लिहायला बसल्यावर त्या मंडळींनी जुन्या घटनेतून जी मोजकी कलमं उचलून जशीच्या तशी ठेवली त्यांत हे एक होतं. आपल्या घटनेच्या ४८ व्या कलमात दुभत्या जनावरांचा उल्लेख आहे, त्यांच्या घटनेत रविवारचा. दोन देशांनी कशाला जपायचं ठरवलं हे यावरून कळतं आणि दूध कुठे मिळेल हेही. हे कलम नुसतं शोभेचं आहे असंही नाही. बर्लिननं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायचा कायदा केला तेव्हा चर्च कोर्टात गेली आणि २००९ साली घटना न्यायालयानं तो कायदा मोडीत काढला. थोडक्यात, त्या देशात रविवारी किराणा मिळत नाही याची हमी देशाचं सर्वोच्च न्यायालय देतं.

मग घरी बसा, विश्रांती घ्या, मनाची उन्नती करा, असं कुणी म्हणेल. पण घरी बसण्यालाही नियम आहेत. रविवारचा सबंध दिवस शांततेचा. भिंतीला भोक पाडायचं नाही, म्हणजे आईनं दिलेली गणपतीची तसबीर आठवडाभर जमिनीवरच राहते. रिकाम्या बरण्या रस्त्यावरच्या काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या फुटताना आवाज होतो. गवत कापायचं नाही. कायद्यात मिक्सरचा उल्लेख नाही, कुकरच्या शिट्टीचाही नाही, हे मान्य. परंतु ज्या जिन्यात टाचणी पडलेली ऐकू येते तिथे इडलीचं पीठ वाटायला घेणं याला वेगळ्या प्रकारची छाती लागते. चौथ्या शिट्टीला खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दाराबाहेर येऊन उभ्या राहतात, रागानं नव्हे, काळजीनं. त्यांना वाटतं वर काहीतरी फुटणार आहे. श्टुटगार्टकडे तर पाळीपाळीनं जिना झाडायची प्रथा आहे. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि त्या पाटीकडे पाहून शेजारी जिन्याकडे पाहतात. आपल्या सोसायटीत पाटी लावतात ती थकबाकीदारांची. एकूण, घरात राहिलं तर काही करता येत नाही, आणि काही न करता घरात राहायची सवय मराठी माणसाला नाही. निवांत बसलेल्या माणसाला आपल्याकडे "बरं नाही का?" असं विचारतात.

आता दूध. कायद्याला एक फट ठेवलेली आहे. रेल्वे स्टेशनातल्या, विमानतळावरच्या आणि पेट्रोल पंपांवरच्या दुकानांना प्रवासात लागणाऱ्या वस्तू रविवारीही विकता येतात. या सवलतीमागचा तर्क नीट पाहण्यासारखा आहे. जो घरी आहे त्याला दुधाची गरज नाही, कारण शहाण्या माणसासारखं त्यानं ते शनिवारी आणलेलं असणार. जो प्रवासात आहे त्याला मात्र गरज असू शकते. म्हणजे रविवारी दूध हवं असेल तर आधी प्रवासी व्हावं लागतं, किंवा निदान प्रवाशासारखं दिसावं लागतं. बेकऱ्या सकाळी काही तास उघड्या असतात हे खरं, पण पावानं चहा पांढरा होत नाही. तेव्हा सकाळी नऊ वाजता, लाल आणि निळं जाकीट घालून, कापडी पिशवी घेऊन जोडपं मोठ्या स्टेशनावर येतं. दुधाची पिशवी नव्हे, खोका घेतं. वर फलकावर गावांची नावं सरकत असतात. आणि खिशात पास असतो.

हा पास या सगळ्या प्रकरणातला खरा खलनायक. १ मे २०२३ पासून जर्मनीत महिन्याला ४९ युरोंत देशभरच्या लोकल, बस, ट्राम आणि पॅसेंजर गाड्यांचा एकच पास सुरू झाला. पुढे तो २०२५ मध्ये ५८ युरोंचा आणि २०२६ मध्ये ६३ युरोंचा झाला. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या त्यात येत नाहीत, बाकी कुठेही जा, कितीही वेळा जा. जर्मन माणूस तो ऑफिसला जायला काढतो आणि ऑफिसला जातो. मराठी माणूस तो काढतो त्या क्षणी त्याच्या डोक्यात एक वेगळं यंत्र सुरू होतं. त्याला 'वसूल' म्हणतात, आणि या शब्दाला जर्मन भाषेत धड प्रतिशब्द नाही. अनलिमिटेड थाळीत शेवटची पुरी भूक म्हणून खाल्ली जात नाही, पैसे भरलेत म्हणून खाल्ली जाते. तसंच इथे. ऑफिसच्या फेऱ्यांनी पास फिटला असेलही, पण रविवारी तो खिशात नुसता पडून आहे, आणि समोर फलाटावर एक गाडी उभी आहे जी आत्ता, या मिनिटाला, फुकट आहे. फुकट नाही, पैसे आधी दिलेत, पण म्हणूनच जास्त फुकट आहे. "कार्लस्रूह. तासाभराचं तर आहे. जाऊन येऊ." दुधाचा खोका पिशवीत असतो. दुपारी साडेबाराला तो खोका ऱ्हाइन नदीवर पोचलेला असतो.

कारण कार्लस्रूहला उतरल्यावर कळतं की तिथेही रविवारच आहे. मग ऑफेनबुर्ग, मग केल, आणि केलला देश संपतो. पलीकडे फ्रान्स. २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम नदी ओलांडून थेट केलच्या स्टेशनापर्यंत येते. शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या एका बोटीवर १९८५ मध्ये पाच देशांनी सीमेवरची तपासणी काढून टाकायचा करार केला, त्याचा हा गोड परिणाम. (तरीही पासपोर्ट जवळ ठेवलेला बरा. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं आपल्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. दूध आणायला जाताना पासपोर्ट घेऊन निघणारी ही मराठी माणसांची पहिलीच पिढी असावी.) फ्रान्समध्ये तरी रविवारी बाजार उघडा असेल या आशेनं दोघं ट्राममधून उतरतात आणि पाहतात तर दुकानांची शटर्स खाली. आणि इथे इतिहासानं जी थट्टा केली आहे तिला तोड नाही. स्ट्रासबुर्ग ज्या आल्सास प्रांतात आहे तो १८७१ ते १९१८ जर्मनीकडे होता. प्रांत फ्रान्सकडे परत आला तेव्हा तिथल्या लोकांनी त्या काळातले काही स्थानिक कायदे जपून ठेवले, आणि त्यात रविवारच्या सुट्टीचाही आहे, उरलेल्या फ्रान्सपेक्षा कडक. म्हणजे जर्मन रविवारपासून सुटका म्हणून जोडपं अडीच-तीन तास गाडीत बसून, नदी ओलांडून, दुसऱ्या देशात जातं आणि तिथे कैसरच्या काळातला रविवार त्यांची वाट पाहत उभा असतो. चर्च मात्र उघडं असतं. मग चर्च पाहतात. व्हॉट्सॲपवर फोटो जातो. काका लिहितात, "पायाला भिंगरी!"

आता आक्षेप. पहिला असा की हा लेखक तरुणांच्या रसिकतेवर अन्याय करतो आहे. त्यांना कला, इतिहास, वास्तू यांची ओढ असते, म्हणून ती हिंडतात. असेल. पण ओढ ही वस्तू विमानातून उतरल्यावर अंगात शिरत नाही, ती आधीही कुठेतरी असायला हवी. पुण्यात दहा वर्षं राहिलेल्या किती जणांनी शनिवारवाडा आतून पाहिलाय? कार्ल्याची लेणी एक्स्प्रेसवेवरून जाताना बोटानं दाखवली जातात. जवळचं कुणीच पाहत नाही, हे यावरचं नेहमीचं उत्तर, आणि ते माझ्याच बाजूनं जातं. कारण श्टुटगार्टचा मर्सिडीजचा संग्रहालय-वाडा या जोडप्याच्या घरापासून चार स्टेशनांवर असतो, आणि तोही पाहिलेला नसतो. तो पाहुणे आल्यावर पाहायचा असं ठरलेलं असतं. रसिकता खरी असती तर ती जवळून सुरू झाली असती. ही जी भटकंती आहे ती नेहमी स्टेशनापासून सुरू होते आणि नेहमी रविवारी, यावरून कारण कळावं. शिवाय कौतुकाची पातळी पाहा. शाफहाउसेनजवळचा ऱ्हाइनचा धबधबा त्या पासवर गाठता येतो, म्हणून जोडपं तिथे जातंच. पाणी खूप, रुंदी दीडशे मीटर, उंची तेवीस. पाच मिनिटं पाहून झाल्यावर दोघांपैकी एक जण म्हणतो, "आपला गिरसप्पा अडीचशे मीटर आहे." तो गिरसप्पा दोघांनीही पाहिलेला नसतो. पण तुलनेसाठी तो कामी येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रविवारचं ठीक, पण चार-चार दिवसांच्या लिस्बन, रोम, क्राकाव या सहली दुधाशी कशा जोडणार? त्याला उत्तर रजेचं. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान वीस दिवस भरपगारी रजा द्यावीच लागते, आणि पुष्कळ कंपन्या प्रत्यक्षात अठ्ठावीस-तीस देतात. आपल्याकडे रजा ही साठवायची वस्तू आहे, फिक्स्ड डिपॉझिटसारखी. ती विकता येते, आणि निवृत्तीच्या वेळी तिची घसघशीत रक्कम येते म्हणून लोक ताप अंगावर काढतात. तिकडच्या कायद्यात नोकरी चालू असेपर्यंत रजा विकताच येत नाही. साठवताही येत नाही फारशी. पुढच्या वर्षीच्या मार्चअखेर ती बहुधा गळून जाते. रजेत दुसरीकडे काम करून पैसे मिळवायलाही मनाई, कारण रजा विश्रांतीसाठी दिलेली आहे. आणि रजेत आजारी पडलात, डॉक्टरचा दाखला दिलात, तर तेवढे दिवस परत मिळतात. आपल्याकडे लग्नाला जायचं म्हणून माणूस आजारी पडतो. तिकडे आजारी पडल्यावर लग्नाचे दिवस परत येतात. अशा परिस्थितीत मनुष्यबळ खात्याकडून निरोप येतो की तुमची अकरा दिवसांची रजा शिल्लक आहे, कृपया वापरा. फुकट जाणार म्हटल्यावर पुन्हा तेच यंत्र सुरू होतं. गुरुवारी सरकारी सुट्टी आली की शुक्रवार जोडून घ्यायचा. या जोडदिवसाला जर्मन भाषेत 'पुलाचा दिवस' असा खास शब्द आहे. त्या पुलावरून सगळा देश एकदम पलीकडे जातो, तेव्हा आपण एकटे अलीकडे राहून काय करणार?

इथे कुणी जाणकार म्हणेल की निम्मी रजा तर भारतात जाण्यात संपते. बरोबर आहे, आणि म्हणूनच युरोप त्यांच्या वाट्याला असा तुकड्यातुकड्यांत येतो. शुक्रवारी रात्रीचं विमान, रविवारी रात्री परत, आणि तिकीट स्वस्त हवं. स्वस्त विमानं स्वस्त जागी उतरतात. 'फ्रँकफर्ट' हे नाव लावलेला हानचा विमानतळ फ्रँकफर्टपासून रस्त्यानं सुमारे १२० किलोमीटरवर आहे. साताऱ्याजवळ धावपट्टी बांधून तिला 'पुणे-सातारा आंतरराष्ट्रीय' म्हणावं तसं. त्यामुळे रोमला जाऊन आलेल्या जोडप्याच्या अठ्ठेचाळीस तासांपैकी किती रोममध्ये गेले आणि किती विमानतळाच्या बसमध्ये, हा हिशेब दोघं आपसांतही काढत नाहीत. सामान म्हणाल तर पाठीवरची एक पिशवी, तिचं माप सेंटिमीटरमध्ये ठरलेलं, आणि त्यात दशम्या, लसणीची चटणी, मेतकुटाची पुडी असं सगळं बसवायचं. कपडे राहतात. म्हणून तीच दोन जाकिटं.

दाखवण्यासाठी हिंडतात, हाही एक आरोप नेहमी होतो. मला तो अर्धवट वाटतो. दाखवायला हवं असतं हे कबूल, पण माणूस ज्याच्यासाठी हिंडतो आणि हिंडून झाल्यावर ज्याचा उपयोग करतो, त्या दोन गोष्टी एक नसतात. दळण आणताना वाटेत पाणीपुरी खाल्ली म्हणून दळणासाठी निघालो नव्हतो असं होत नाही. आणि दाखवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. नाताळच्या बाजारात, ड्रेस्डेनला म्हणा की न्यूर्नबर्गला, गरम मसालेदार वाइन ज्या मगातून मिळते त्याचे काही युरो अनामत घेतात, मग परत केला की ते परत मिळतात. त्यावर गावाचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं. जर्मन माणूस बहुधा मग परत करतो. मराठी जोडपं वसुलीचा आपला सगळा सिद्धांत तेवढ्यापुरता खुंटीला टांगतं, अनामतीवर पाणी सोडतं आणि मग घरी आणतं. भिंतीला भोक पाडता न आल्यामुळे फळी नसते, म्हणून ते मग फ्रिजवर रांगेनं बसतात. हे मग म्हणजे लग्नात आलेली नावं घातलेली भांडीच आहेत. त्या भांड्यांवर मामाचं नाव असतं, इथे ड्रेस्डेनचं, पण वापरायचं कुणीच नाही आणि टाकायचं तर मुळीच नाही, हा नियम दोन्हीकडे तोच.

हौसेच्या सिद्धांताला खरा धक्का बसतो तो उन्हाळ्यात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि दोन्हीकडचे आईवडील हा नियम वर्षाच्या कॅलेंडरवर असा पसरतात की एक जोडी जाते तोवर दुसरी येते. प्रत्येक जोडीला स्वित्झर्लंड दाखवावं लागतं. याला यश चोप्रा जबाबदार आहेत, आणि स्विस लोकांनी त्याची पोचपावती म्हणून २०१६ मध्ये इंटरलाकेनला त्यांचा पुतळाही बसवला. टिटलिसवर शाहरुख आणि काजोलचा पुठ्ठ्याचा पुतळा, ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला 'बॉलीवुड' नावाचं हॉटेल. तिथे १९१२ पासून रेल्वे जाते, आणि एवढा डोंगर पोखरून त्यांनी वर जी गाडी नेली तिच्यातून आज नागपूरची मंडळी वर जाऊन छोले मागवतात. बाबा बर्फात उभे राहून "काश्मीरसारखंच आहे" म्हणतात. आई विचारतात, "ह्याचे किती पडले?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच "नको सांगूस" म्हणतात. मुलगा आणि सून, किंवा मुलगी आणि जावई, हाच डोंगर चौथ्यांदा पाहत असतात. हौस एकदाच पाहते. चौथ्यांदा जो पाहतो तो कर्तव्य करत असतो, आणि कर्तव्याच्या फोटोत माणूस किती हसरा दिसू शकतो हे पाहायचं असेल तर टिटलिसचे फोटो पाहावेत.

एक कारण मात्र असं आहे की ते हौसेपेक्षा आणि दुधापेक्षाही खोल आहे, आणि ते कुणी बोलत नाही. पुण्यात नवराबायकोचं भांडण झालं तर त्यात तिसरं माणूस असतं. सासूबाई असतात, स्वयंपाकाच्या मावशी असतात, काहीच नाही तर बेल वाजवणारा कुरिअरवाला असतो. भांडण तेवढ्यापुरतं थांबतं आणि थांबलेलं भांडण पुन्हा त्याच वेगानं सुरू करता येत नाही. श्टुटगार्टच्या दोन खोल्यांत, डिसेंबरच्या रविवारी, साडेचारला बाहेर अंधार झाल्यावर, दोघांच्या मध्ये कुणीच नसतं. बेल वाजत नाही. शांततेच्या दिवशी मोठ्यानं बोलायची चोरी, म्हणून भांडण पुटपुटत करावं लागतं, आणि पुटपुटलेलं भांडण फार लांबतं. अशा वेळी जर्मन रेल्वे धावून येते. धावून म्हणजे उशिरानं. २०२४ मध्ये तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरलेलाच नाही, रद्द झालेल्या गाड्या तर हिशेबातच नाहीत. म्हणजे दहातल्या तीन-चार वेळा दोघांना एकत्र चिडायला एक तिसरा सापडतो. पास बाजूला ठेवून अशा गाडीचं तिकीट काढलेलं असेल, तर गाडी तासभर अडकली की चौथाई भाडं परत, दोन तास अडकली की निम्मं. बावन्नाव्या मिनिटाला दोघं घड्याळाकडे पाहत मनोमन प्रार्थना करत असतात की आणखी आठ मिनिटं, एवढंच दे. सकाळच्या भांडणाचा विषय तोवर दोघांनाही आठवत नाही. ज्या देशाची रेल्वे वेळेवर धावते त्या देशातल्या मराठी जोडप्यांचे संसार कसे टिकतात, याचा अभ्यास कुणीतरी करायला हवा. स्वित्झर्लंडपासून सुरुवात करावी.

माझं म्हणणं चुकीचं असतं तर ही भटकंती आयुष्यभर चालली असती. हौस वयानं जात नाही. पण ही एके दिवशी थांबते, आणि कधी थांबते ते पाहिलं की कोडं सुटतं. मूल होतं, शाळेत जाऊ लागतं. जर्मनीत शाळा चुकवणं हा गुन्ह्यासारखा प्रकार आहे. २०१८ मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी सुट्टीच्या आधीच पोरांना घेऊन निघालेल्या कुटुंबांना हटकलं होतं. मग पुलाचे दिवस संपतात. फ्रिजवरचे मग मुलाच्या हाती लागून एकेक कमी होतात. मग बरीच वर्षं यादीत नाव लावून गावाच्या कडेला भाड्याच्या बागेचा एक तुकडा मिळतो. त्यातल्या निदान एक तृतीयांश जागेत भाज्या-फळं लावावी लागतात, नुसतं गवत चालत नाही. ही अट मराठी कुटुंबाला जाचक वाटत नाही, मेथी आणि कोथिंबीर पहिल्याच वर्षी कुंपणापर्यंत पोचते. रविवारी दुपारी दोघं तिथे खुर्च्या टाकून बसतात. गवत वाढलेलं असतं, पण ते आज कापता येणार नाही. लाकडी खोपटाला खिळा ठोकायचा राहिलाय, तोही आज नाही. दूरवर स्टेशनातून गाडी सुटल्याचा आवाज येतो आणि दोघांपैकी कुणीही मान वळवत नाही. थर्मासमधला चहा असतो, चांगला पांढरा. दूध शनिवारीच आणलेलं असतं.